निकालानंतरचा रस्ता : प्रस्तावना

३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण करायला आले, तेव्हा वाई आणि पसरणी घाटाच्या वाटेवर संयुक्त महाराष्ट्र समितीची माणसे हजारोंच्या संख्येने काळी निशाणे घेऊन उभी होती. सार्वत्रिक निवडणूक होऊन पुरते वर्षही झाले नव्हते. पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला धूळ चारली होती. तरी द्वैभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेत बहुमत काँग्रेसचेच राहिले आणि विदर्भ, मराठवाडा, गुजरात इथल्या जागांच्या बळावर यशवंतराव चव्हाणांचे सरकार टिकले. समितीला हे पचवणे सोपे नव्हते. त्याआधीच्या आंदोलनात शंभरावर माणसे गेली होती आणि त्यांची नावे लोकांच्या तोंडी होती. असे असूनही एस. एम. जोशी आणि आचार्य अत्रे विधानसभेत विरोधी बाकांवर बसले, सरकारला सरकार मानून जाब विचारू लागले, आणि त्याच समितीने लोकांना घाटात उभे केले. निदर्शने शांततेत पार पडली. मते चोरली गेली, असे समितीचे म्हणणे नव्हते. मराठी मुलखाने दिलेला कौल राज्याच्या बेरजेत बुडाला, ही तिची तक्रार होती. त्यानंतर अडीच वर्षांत महाराष्ट्र राज्य झाले.

या पुस्तकाचा विषय त्या घाटातच सापडतो. निवडणूक झाली, निकाल लागला, सरकार बसले. यानंतर हरलेल्यांना, किंवा जिंकूनही ज्यांचे म्हणणे ऐकले गेले नाही त्यांना, रस्त्यावर उतरायचा अधिकार किती आणि कुठवर? ‘पाच वर्षे थांबा’ एवढेच उत्तर द्यायचे, तर मतदान संपताच नागरिक संपतो. ‘लोक म्हणतील तेव्हा सरकार पाडा’ हे उत्तर दिले, तर ज्यांनी मत दिले त्यांच्या मताला किंमत उरत नाही. गेल्या काही वर्षांत या दोन्ही टोकांची भाषा आपल्याकडे जोरात चालते आणि मधली जमीन ओस पडली आहे. या संग्रहातले लेख त्या मधल्या जमिनीवर उभे आहेत, म्हणून त्यांना प्रस्तावना लिहायला मी आनंदाने होकार दिला.

रस्त्यावर आलेली गर्दी नेमके काय म्हणते आहे, ते आधी ऐकावे लागते. मोजणीतच लबाडी झाली, असे ती म्हणत असेल तर तो वस्तुस्थितीविषयीचा दावा आहे. त्याला पुरावा लागतो, आणि पुरावा आला की तो खरा ठरतो किंवा खोटा. मोजणी बरोबर होती पण लढत सारखी नव्हती, पैसा आणि प्रशासन एका बाजूला होते, असे म्हणणे असेल तर प्रकरण अवघड होते. अशी असमानता अंशाअंशाने असते आणि ती कुठे संपली म्हणजे निवडणूक निर्दोष, हे कुणालाच बोट ठेवून दाखवता येत नाही. पुष्कळदा गर्दीला निकालाशी काही देणेघेणेच नसते. सरकार मान्य असते, त्याचा एखादा कायदा मान्य नसतो. २०२०-२१ मध्ये दिल्लीच्या सीमांवर बसलेल्या शेतकऱ्यांनी २०१९चा निकाल नाकारला नव्हता. त्यांना तीन कायदे मागे घेऊन हवे होते आणि ते त्यांनी घ्यायला लावले. याशिवाय आणखी एक म्हणणे असते, जे उघडपणे फारसे कुणी बोलत नाही : निकाल खरा असला तरी हा माणूस, हा पक्ष सत्तेवर नको. माझ्या वाचनात आणि अनुभवात निवडणुकीनंतरचे सर्वांत विषारी आंदोलन तेच, जे मनात हे शेवटचे म्हणणे ठेवून तोंडाने मोजणीच्या लबाडीचे नाव घेते.

या प्रश्नावर विचार करणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. सतराव्या शतकात जॉन लॉकने, राज्यकर्त्याने विश्वास मोडला तर लोकांवरचे आज्ञापालनाचे बंधन सुटते, अशी मांडणी केली. तिथे नियमित निवडणुका नव्हत्या, त्यामुळे बंडाचा हक्क हाच शेवटचा उपाय होता. निवडणुका आल्यावर प्रश्नाचे रूप बदलले. जॉन रॉल्सने १९७१ मध्ये सविनय कायदेभंगाचा जो सिद्धांत मांडला, तो बऱ्याच अंशी न्याय्य असलेल्या लोकशाहीसाठीच आहे. कायदा मोडायचा तो उघडपणे, अहिंसेने आणि शिक्षा भोगायची तयारी ठेवून, म्हणजे बहुसंख्याकांच्या न्यायबुद्धीला आवाहन पोहोचते. अ‍ॅडम शेवोर्स्कीसारख्या राज्यशास्त्रज्ञांनी लक्ष जिंकणाऱ्यावरून हरणाऱ्यावर वळवले. सत्ताधारी हरू शकतात आणि हरल्यावर जातात, यातच त्यांना लोकशाहीची खूण दिसली. त्यातून ‘पराभूतांची संमती’ ही अभ्यासाची स्वतंत्र शाखा उभी राहिली. फ्रान्सच्या पिएर रोझांव्हालोंनी उलट बाजूने सांगितले की मतपेटी एकटी कधीच पुरत नाही, पहारा आणि नकार हेही नागरिकाचे नित्याचे काम आहे. या दोन्ही विचारांत मला विरोध दिसत नाही. हरणाऱ्याने गप्प बसावे यासाठी त्याला पहारा ठेवू द्यावा लागतो.

मराठी वाचकाला मात्र या विचाराचा उंबरठा परदेशात शोधायची गरज नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो इशारा दिला, तो आजही प्रत्येक आंदोलनाच्या विरोधात फेकला जातो : सनदशीर मार्ग उपलब्ध असताना कायदेभंग, असहकार, सत्याग्रह या वाटा सोडल्या पाहिजेत, त्या अराजकाच्या वाटा आहेत. हे उद्‌धृत करणारे बहुतेक जण त्यातली अट गाळतात. मार्ग उपलब्ध असताना, असे त्यांनी म्हटले होते. मार्ग नव्हते तेव्हा त्या वाटांचे समर्थन करता येत होते, हेही त्याच भाषणात आहे. हे बोलणारा माणूस १९२७ मध्ये महाडच्या तळ्यावर गेला होता आणि १९३० मध्ये त्याने नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह उभारला होता. तेव्हा अस्पृश्यांसाठी कुठलाच दरवाजा उघडा नव्हता.

या भाषणानंतर तीन वर्षांच्या आत बाबासाहेबांना स्वतःच त्या कसोटीला उतरावे लागले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबई मतदारसंघात काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर यांनी त्यांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. ७४ हजारांवर मतपत्रिका बाद ठरल्या, अशी त्यांची आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांची तक्रार होती. फरकाच्या पाचपट मते बाद होतात तेव्हा शंका येणे स्वाभाविक आहे. शिवाय ज्या माणसाने संविधानाच्या मसुद्याचे काम पेलले, त्याला पहिल्याच निवडणुकीत असा निकाल मिळावा, याचा संताप त्याच्या अनुयायांत किती असेल! त्या संतापाला मुंबईच्या रस्त्यांवर वाट करून देणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी अर्ज दाखल केला. अर्जाचा उपयोग झाला नाही. पुढे ते राज्यसभेवर गेले आणि १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला उभे राहून पुन्हा हरले. आंबेडकरांच्या विचारांवर आपल्याकडे एवढे लिहिले गेले, पण हरलेला उमेदवार म्हणून ते कसे वागले यावर फार थोडे लिहिले गेले आहे, ही मला मोठी उणीव वाटते.

गोव्याकडे पाहावे, तर तिथे हरणाऱ्यांच्या शहाणपणाचे आणखी एक उदाहरण आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. विलीनीकरण हेच तर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे कारण होते. भाऊसाहेब बांदोडकरांनी कौल निष्पक्ष व्हावा म्हणून आधीच मुख्यमंत्रिपद सोडले होते. पराभव त्यांनी मान्य केला आणि दोनच महिन्यांनी झालेल्या विधानसभा निवडणुकीत त्याच मतदारांनी त्यांना पुन्हा सत्तेवर बसवले. एका मुद्द्यावर नाकारलेल्या पक्षाला दुसऱ्या मुद्द्यांवर निवडणे, हे मतदारांना जमले, कारण पहिला मुद्दा पराभूतांनी रस्त्यावर ताटकळत ठेवला नाही.

डॉ. राममनोहर लोहियांची परंपरा याच्या दुसऱ्या टोकाला आहे. पाच वर्षे वाट पाहत बसणे त्यांना जिवंत समाजाचे लक्षण वाटत नव्हते. १९७४ मध्ये गुजरातच्या नवनिर्माण आंदोलनाने चिमणभाई पटेलांना राजीनामा द्यायला लावला आणि विधानसभा विसर्जित झाली. बिहारमध्ये जयप्रकाशांनी तीच मागणी केली. इंदिरा गांधींचा युक्तिवाद होता की निवडून आलेली विधानसभा रस्त्यावरून बरखास्त करता येत नाही, हिंमत असेल तर निवडणुकीत भेटा. जयप्रकाशांनी ते आव्हान स्वीकारले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मला स्वतःला विधानसभा विसर्जनाची मागणी तेव्हाही चुकीची होती असे वाटते. आमदारांच्या घरांना घेराव घालून राजीनामे गोळा करणे हा मतदाराच्या हक्कावरचाच घाला होता. पण त्या चुकीचे उत्तर म्हणून आणीबाणी आणणाऱ्यांना तो युक्तिवाद वापरायचा नैतिक अधिकार उरला नाही, कारण मार्च १९७६ मध्ये मुदत संपणाऱ्या लोकसभेचे आयुष्य त्यांनीच वाढवून घेतले.

त्याच काळातला एक कमी चर्चिला गेलेला धागा आजच्या वाचकाला उपयोगी पडेल. १९७१च्या निवडणुकीनंतर मतपत्रिकांवर रसायन लावले होते, एका चिन्हावरचा शिक्का आपोआप उमटतो आणि खरा शिक्का पुसला जातो, असा आरोप झाला होता. जनसंघाचे बलराज मधोक दिल्लीतून हरले आणि तो आरोप घेऊन न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये काही मतपत्रिका तपासू देण्याचा आदेश योग्य ठरवला. तपासणी झाली आणि आरोप टिकला नाही. याच निवडणुकीतली इंदिरा गांधींविरुद्धची राजनारायण यांची याचिका टिकली. लाखावर मतांच्या फरकाने झालेली पंतप्रधानांची निवड अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जून १९७५ रोजी रद्द केली. कारणे होती सरकारी सेवेतल्या माणसाकडून प्रचाराचे काम करून घेणे आणि सभेच्या व्यासपीठासाठी सरकारी यंत्रणा राबवणे. एक याचिका फेटाळली गेली, एक मान्य झाली. दोन्हींत प्रश्न विचारायची जागा होती आणि उत्तर देणारे कुणीतरी होते. फक्त दुसऱ्या उत्तराला चार वर्षे लागली, आणि निवडणूक याचिका सहा महिन्यांत संपवाव्यात अशी कायद्याची अपेक्षा असूनही आजही सभागृहाची मुदत उलटून गेल्यावर निकाल येण्याचे प्रकार घडतात.

दरवाजा बंद झाल्यावर काय होते, ते आपल्या उपखंडाने दुसऱ्या कुठल्याही प्रदेशापेक्षा जास्त भोगले आहे. १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगला पूर्व पाकिस्तानातल्या दोन जागा वगळता सर्व सर्वसाधारण जागा मिळाल्या आणि राष्ट्रीय सभेत स्पष्ट बहुमत मिळाले. लष्कराने सभा भरूच दिली नाही. मार्च १९७१ मध्ये ढाक्यात जे असहकार आंदोलन झाले ते जिंकलेल्यांचे होते, आणि त्याला उत्तर म्हणून आलेल्या कत्तलीतून देश फुटला. १९७७ मध्ये त्याच पाकिस्तानात भुट्टोंनी निवडणुकीत गैरप्रकार केल्याचा आरोप करत विरोधक रस्त्यावर आले. तक्रारीत तथ्य होते. पण तोडग्याच्या वाटाघाटी शेवटाला येत असतानाच जनरल झिया यांनी सत्ता बळकावली आणि आंदोलकांना पुढची अकरा वर्षे खरी निवडणूक मागत काढावी लागली. आपल्या काश्मीरमध्ये १९८७ ची विधानसभा निवडणूक झाली. मुस्लिम युनायटेड फ्रंटचा श्रीनगरमधला एक उमेदवार आणि त्याचा मतमोजणी प्रतिनिधी, दोघांना अटक झाली. उमेदवार पुढे सय्यद सलाहुद्दीन या नावाने हिजबुल मुजाहिदीनचा म्होरक्या झाला. प्रतिनिधीचे नाव यासिन मलिक. बंदुकीचे समर्थन त्यातून होत नाही. काश्मिरी पंडितांना आणि कितीतरी काश्मिरी मुसलमानांना त्या बंदुकीने मारले. पण मतमोजणीच्या टेबलावर बसलेली माणसे तुरुंगात टाकून राज्याने काय कमावले, हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

उपखंडाबाहेरचा आलेख पाहिला तर यशस्वी आंदोलनांत एक सारखेपणा दिसतो : गर्दीच्या हातात मोजणीचा स्वतंत्र पुरावा होता आणि शेवटचा शब्द गर्दीचा नव्हता. फेब्रुवारी १९८६ मध्ये फिलिपिन्सच्या निवडणूक आयोगातले तीसेक संगणक कर्मचारी, आपण भरतो ते आकडे आणि फलकावर दिसणारे आकडे जुळत नाहीत म्हणून मोजणी केंद्रातून उठून गेले. नागरिकांची समांतर मोजणी सुरूच होती. पंधरा दिवसांनी मनिलाच्या एड्सा रस्त्यावर लोटलेल्या गर्दीपुढे राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांना देश सोडावा लागला. युक्रेनमध्ये २००४ च्या नोव्हेंबरात लोक कीव्हच्या चौकात थंडीत तंबू ठोकून बसले. फेरमतदानाचा आदेश मात्र ३ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने दिला. मलावीत २०१९ च्या निकालपत्रकांवर खाडाखोड पुसायची पांढरी शाई लावलेली सापडली. लोक महिनोन्‌महिने मोर्चे काढत राहिले. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायाधीश लष्करी बंदोबस्तात, बुलेटप्रूफ जाकिटे घालून न्यायालयात आले आणि त्यांनी निवडणूक रद्द केली. फेरनिवडणुकीत सत्ताधारी हरले. केनियात २००७ च्या निकालानंतर हजारावर माणसे मारली गेली, तेव्हा तिथल्या न्यायालयावर विरोधकांचा विश्वासच नव्हता. नव्या राज्यघटनेनंतर २०१७ मध्ये त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षांची निवड रद्द केली आणि २०२२ मध्ये तशीच याचिका फेटाळली. दोन्ही वेळा निकाल मानला गेला, कारण पहिल्याने दुसऱ्याला वजन दिले.

फिलिपिन्सची गोष्ट इथेच संपत नाही, आणि या पुस्तकासाठी तिचा उत्तरार्धच जास्त महत्त्वाचा आहे. २००१ मध्ये मनिलातल्या त्याच रस्त्यावर जमून लोकांनी राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्त्रादा यांना घालवले. ते भ्रष्ट असल्याचे आरोप गंभीर होते, पण १९९८ ची त्यांची निवड खरी होती. तीनेक महिन्यांत त्यांना मते देणारे शहरातले गरीब लोक त्याच रस्त्यावर आले आणि राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर चालून गेले. त्यांना बळाने हटवले गेले. पहिल्या गर्दीला ‘जनशक्ती’ म्हणणाऱ्यांनी या गर्दीला जमाव म्हटले. थायलंडमध्ये २०१४ साली बँकॉकच्या आंदोलकांनी मतदान केंद्रेच अडवली आणि शेवटी लष्कर आले. मेक्सिकोत २००६ मध्ये अर्ध्या टक्क्याहून थोड्या अधिक फरकाने हरलेल्या लोपेझ ओब्राडोर यांच्या समर्थकांनी राजधानीचा मुख्य रस्ता दीड महिना रोखून धरला. सगळी मते पुन्हा मोजा, ही त्यांची मागणी मला रास्त वाटते. रस्ता रोखल्याने मात्र ज्यांची कामे अडली ती साधी माणसे त्यांच्यापासून तुटली, आणि बारा वर्षांनी ते जिंकले ते मतपेटीतूनच.

अमेरिकेत २००० साली फ्लोरिडातल्या ५३७ मतांवर अध्यक्षपद ठरले. न्यायालयाचा निकाल पटलेला नसतानाही हरलेल्या अल गोर यांनी तो स्वीकारला. २०१६ मध्ये ट्रम्प जिंकल्यावर लाखो लोक रस्त्यावर आले. त्यांतल्या अनेकांच्या घोषणांत अध्यक्षालाच नकार होता, पण त्यांनी सत्तांतर अडवले नाही. ६ जानेवारी २०२१ चा जमाव संसदेत घुसला तो मतांची अधिकृत मोजणी थांबवण्यासाठी, आणि त्याआधी साठेक दावे न्यायालयांत हरून झाले होते. मोर्चा आणि हल्ला यांतली रेषा मी इथे ओढतो : पुराव्याची वाट संपल्यावरही तोच दावा धरून मोजणीच्या टेबलावर हात टाकला की तो निषेध राहत नाही. ब्राझीलमध्ये अध्यक्ष बोल्सोनारो हरल्यानंतर त्यांचे समर्थक दोन महिने लष्करी छावण्यांबाहेर तळ ठोकून सैन्याला हस्तक्षेपाचे साकडे घालत होते. ८ जानेवारी २०२३ ला त्यांनी राजधानीतल्या तिन्ही सत्तास्थानांत धुडगूस घातला. सप्टेंबर २०२५ मध्ये बोल्सोनारो यांना सत्ता उलथवण्याच्या कटाबद्दल सत्तावीस वर्षांवर शिक्षा झाली. अमेरिकेत त्याच वर्षाच्या सुरुवातीला ६ जानेवारीच्या सुमारे दीड हजार आरोपींना माफी मिळाली. दोन देशांनी सारख्याच गुन्ह्याला दिलेली ही दोन उत्तरे पुढच्या पिढीला काय शिकवतील, याची मला खरोखर काळजी वाटते.

बेलारूसमध्ये २०२० साली आणि व्हेनेझुएलात २०२४ साली रस्त्यावर उतरूनही लोक हरले. व्हेनेझुएलातल्या विरोधकांनी काय केले, ते भारतीय कार्यकर्त्याने बारकाईने पाहावे. तिथे मतदान यंत्र दिवसाच्या शेवटी केंद्राचे निकालपत्रक छापते आणि पक्षांच्या प्रतिनिधींना प्रत मिळते. विरोधकांनी देशभरातून ऐंशी टक्क्यांहून अधिक यंत्रांची पत्रके गोळा केली आणि जगासमोर ठेवली. तेव्हा सत्ता हलली नाही, पण निकाल काय होता याविषयी शंका उरली नाही.

आपल्याकडे त्या पत्रकाचा भाऊबंद आहे फॉर्म १७ सी. मतदान संपले की केंद्राध्यक्ष त्यावर यंत्राचा क्रमांक, एकूण मतदार, नोंदवहीप्रमाणे मतदान केलेल्यांची संख्या, यंत्रात नोंदलेली मते आणि कागदी सिलांचा हिशेब लिहितो आणि हजर असलेल्या प्रत्येक पोलिंग एजंटला साक्षांकित प्रत देतो. मोजणीच्या दिवशी यंत्रातला आकडा या प्रतीशी जुळवायचा असतो. ज्या पक्षाचा एजंट संध्याकाळी पाच वाजताच घरी गेला, त्याच्या हातात प्रत नसते, आणि प्रत नसलेला पक्ष निकालानंतर फक्त ओरडू शकतो. निवडणुकीनंतरच्या आंदोलनाची वैधता पुष्कळदा मतदानाच्या दिवशी त्या खोलीत शेवटपर्यंत कोण बसले यावर ठरते. हे नेत्यांना कधी कळेल?

पण फक्त पक्षांना बोल लावून चालणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्र विधानसभेचा निकाल लागल्यावर सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत काय झाले, ते पाहा. गावात भाजपचे राम सातपुते यांना १,००३ आणि राष्ट्रवादी काँग्रेस शरद पवार गटाचे उत्तम जानकर यांना ८४३ मते दाखवली गेली. गावकऱ्यांना ते पटेना. ३ डिसेंबरला गावातच मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचे त्यांनी ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलिसांचा ताफा आला, मतदान झाले नाही. अशा मतदानाला कायद्यात जागा नाही हे खरे, आणि ते झाले असते तरी मूळ मतदानाचे खरेखोटे त्यातून सिद्ध झाले नसते. गावात गुप्त मतदानाची हमी कोण देणार, हा प्रश्न वेगळाच. मुद्दा दुसरा आहे. मतदारसंघात जानकर जिंकले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२४ च्या निकालाने यंत्र तपासून मागायची मुभा दिली ती दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना. निवडणूक याचिका मतदारालाही ४५ दिवसांत करता येते, पण निकालावर परिणाम झाला हे दाखवावे लागते. इथे तर त्यांचाच माणूस निवडून आला होता. म्हणजे ‘आमच्या केंद्रावरचा आकडा आम्हाला पटत नाही, दाखवा’ असे शांतपणे म्हणणाऱ्या गावासाठी अख्ख्या व्यवस्थेत एकही खिडकी नव्हती. व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या त्या एका केंद्राच्या मोजून दाखवल्या असत्या तर एका दुपारचे काम होते. त्याऐवजी गुन्हे दाखल झाले. त्याच सुमारास नव्वदी ओलांडलेले बाबा आढाव पुण्यात फुले वाड्यात आत्मक्लेश उपोषणाला बसले. त्यांच्याशी मतभेद असू शकतात, पण शंका विचारायचा त्याहून सौम्य मार्ग नाही.

त्यानंतरचा प्रवास उलट दिशेने झाला. डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून निवडणुकीची इलेक्ट्रॉनिक कागदपत्रे लोकांच्या पाहणीतून वगळली गेली, आणि २०२५ मध्ये मतदान केंद्रांवरचे चित्रीकरण, याचिका नसेल तर, ४५ दिवसांनंतर नष्ट करायच्या सूचना गेल्या. खासगीपणाचे कारण दिले गेले, ते सर्वस्वी खोटे आहे असे मी म्हणत नाही. तरी ज्या आयोगाला लोकांनी निकाल मानावा असे वाटते, त्याने दाखवता येईल तेवढे दाखवले पाहिजे. निकाल मानणे हे हरलेल्याचे कर्तव्य आहे आणि तो सिद्ध करून दाखवणे हे मोजणाऱ्याचे. यातले एक कर्तव्य दुसऱ्याशिवाय मागता येत नाही. या साऱ्या वाचनातून माझ्या हाती लागलेले हेच मत आहे, आणि या पुस्तकातले सगळे लेखक त्याच्याशी सहमत नाहीत, हे मला आवडले. काहींना न्यायालयांवरचा माझा भर भाबडा वाटतो. काहींना रस्त्यावरचे कुठलेही ठिय्या आंदोलन, सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या शाहीनबाग निकालाला धरून, ठरावीक जागेपुरतेच मान्य आहे.

पुस्तकाचा प्रयत्न आंदोलकाला, अधिकाऱ्याला आणि सामान्य मतदाराला एकाच वेळी समजेल अशा मराठीत हा वाद मांडायचा आहे. कायद्याची कलमे त्यात आहेत, पण वकिली ग्रंथासारखी नाहीत. परदेशांचे दाखले आहेत, पण प्रत्येक ठिकाणी तिथला इतिहास धरून. २०१९ नंतर महाराष्ट्रात मते मोजून झाल्यावर पक्षच फुटले आणि सरकारे बदलली. मतदाराची ही फसवणूक मोजणीच्या लबाडीहून वेगळी आहे, आणि तिच्याविरुद्ध रस्त्यावर जवळपास कुणी का आले नाही, यावर संपादकांनी मुद्दाम चर्चा घडवून आणली आहे. मला हा भाग सर्वांत नवा वाटला.

एक गोष्ट इथे नाही, ती सांगून ठेवतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकांवर स्वतंत्र लेख मिळाला नाही. तिथे फरक पाच-दहा मतांचा असतो, हरलेला आणि जिंकलेला एकाच गल्लीत राहतात, आणि निकालाला आव्हान द्यायचे तर पंधरा दिवसांत तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशाकडे जावे लागते. निकालानंतरची भांडणे, बहिष्कार, मारामाऱ्या यांचा सर्वांत मोठा साठा तिथेच आहे आणि त्याची नोंद पोलीस ठाण्यांतल्या वह्यांपलीकडे कुठे झालेली नाही. पुढची आवृत्ती निघेल तेव्हा संपादकांनी तिथून सुरुवात करावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.